मोर्स कानाने शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण मोर्सच्या, म्हणजे आखूड-लांब आवाजांतून अक्षरं सांगणाऱ्या सांकेतिक लिपीच्या, सरावाला बसतो. कॉलेजची मुलं असतात, नोकरीवाले असतात, दोन निवृत्त आजोबाही आहेत. नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात साधारण हेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. अक्षरांचे आवाज मी 'डि' आणि 'डा' असे लिहिले आहेत: आखूड तो डि, लांब तो डा, आणि आखूड आवाज शेवटी आला तर डिट. ते डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणून बघा.

आता मोर्स वापरतं तरी कोण?

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, रोज वापरतात. समुद्रावरच्या जहाजांसाठी १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही उपग्रह आणि डिजिटल संदेशांची व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि तिथला मोर्सचा व्यवसाय संपला. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने शॉर्टवेव्हवर बोलणाऱ्या हॅमसाठी असलेली मोर्स परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्तीही काढून टाकली. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मात्र तेव्हा तारा कधीच्या संगणकावरून जात होत्या, तारघरातलं कट्ट-कडकट्ट त्याच्या खूप आधी थांबलं होतं.

सक्ती गेल्यावरही माणसं मोर्स शिकतात, कारण ते कमी शक्तीत लांब जातं. बोलण्याच्या सिग्नलला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते, मोर्सला दीडशे-दोनशे हर्ट्झ पुरतात. सगळी शक्ती त्या बारीक पट्टीत एकवटते. शिवाय खरखरीतून एकच सूर वेगळा काढणं माणसाच्या कानाला चांगलं जमतं. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. इथे कोणाकडे चाळीस फुटी मनोरा आहे? ग्रिलला बांधलेली तार आणि पाच वॉटचा घरी जोडलेला ट्रान्समीटर, एवढ्यावर मोर्समध्ये देश ओलांडता येतो. तेवढ्याच सामानावर बोलून बघा, शेजारच्या राज्यात पोहोचतानाही दमछाक होते.

आधी तक्ता पाठ करते आणि मग ऐकायला लागते. चालेल ना?

कृपा करून नको. सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी तक्ता पाठ करून शिकले. भिंतीवर ठिपके-रेघांचा कागद चिकटवला आणि आठवड्यात सगळी अक्षरं तोंडपाठ केली. त्यानंतर दोन वर्षं मिनिटाला सात-आठ शब्दांच्या पुढे सरकले नाही. आवाज कानावर पडला की मी मनात ठिपके मोजायचे, मोजलेल्याचं चित्र करायचे, ते चित्र भिंतीवरच्या कागदात शोधायचे आणि मग अक्षर लिहायचे. चार पायऱ्या. आवाज संथ होता तोवर चारही पायऱ्या चढायला वेळ मिळायचा. जरा वेग वाढला की तिसऱ्या पायरीवर असतानाच पुढचं अक्षर येऊन गेलेलं असायचं.

गिरगावात राहणारे माझे मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. जहाजावरचे खलाशी त्यांना 'मार्कोनीसाहेब' म्हणायचे. त्यांनी एकदा माझा सराव पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, "अगं, तू मोजतेयस. तिरकिट वाजलं की कोणी चार मोजतं का?"

मी लहानपणी तीन वर्षं तबला शिकले होते, त्यामुळे ते वाक्य थेट आत गेलं. 'तिरकिट' हा बोल शिकताना गुरुजी आधी तोंडाने म्हणायला लावतात, पुन्हा पुन्हा, जिभेवर बसेपर्यंत. मग तो एकच बोल होतो. त्यात किती आघात आहेत हे कोणी विचारलं तर सांगता येतं, पण ऐकताना ते मोजावे लागत नाहीत. मोर्सचं अक्षर तसंच आहे. क्यू म्हणजे डा-डा-डि-डा, एक बोल. 'दोन रेघा, ठिपका, रेघ' असं त्याचं वर्णन करता येतं, पण वर्णन कानाला ओळखू येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या दरम्यान मोर्सची तार सुरू झाली, तेव्हाचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचं आणि त्या डोळ्यांनी वाचायच्या, अशी योजना होती. यंत्राजवळ दिवसभर बसणाऱ्या ऑपरेटरांच्या लक्षात आलं की पट्टी बघायची गरजच पडत नाही, नुसत्या खटक्यांवरून मजकूर कळतो. पुढे पट्टी गेली आणि फक्त खटका देणारं साउंडर टेबलावर आलं. मोर्स कानाने घ्यायची गोष्ट आहे हा शोध ती रोज वापरणाऱ्या माणसांनी लावला.

तक्ता घरात असेल तर कपाटात ठेवा.

मला तक्ता आधीच पाठ आहे. आता काय करू?

माझ्यासारखंच. वेग वाढवा, म्हणजे मोजायला वेळच उरणार नाही. पहिले दोन आठवडे सगळं हातातून निसटल्यासारखं वाटेल आणि जुना वेगही गेला असं वाटेल. नव्याने शिकणाऱ्यापेक्षा तुम्हाला थोडा जास्त वेळ लागेल, कारण आधीची सवय मोडायची आहे. पण ती मोडते.

अक्षर किती वेगाने ऐकायचं? नवशिक्याने हळूहळू सुरुवात करायला नको का?

अक्षर वेगाने, अक्षरांमधली जागा मोठी. हे दोन वेगळे वेग आहेत आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

मोर्सची मापं ठरलेली आहेत. डि ची लांबी एक मात्रा धरली तर डा तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन आवाजांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मिनिटाला ५ शब्दांच्या वेगात एक डि २४० मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे क्यू पूर्ण व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. इतक्या रेंगाळणाऱ्या आवाजाचा बोल होत नाही. त्याचे तुकडे पडतात आणि मन आपोआप मोजायला लागतं. २० शब्दांच्या वेगात डि फक्त ६० मिलिसेकंदांचा असतो. तिथे मोजणं शक्यच नाही, कान नाइलाजाने पूर्ण आकार पकडायला शिकतो.

म्हणून अक्षर १८ ते २० च्या वेगाने वाजवायचं आणि दोन अक्षरांमधली शांतता वाढवून एकूण वेग ५-६ वर ठेवायचा. या पद्धतीला फार्न्सवर्थ म्हणतात. सरावाच्या जवळपास प्रत्येक ॲपमध्ये 'अक्षराचा वेग' आणि 'प्रत्यक्ष वेग' असे दोन आकडे असतात. पहिला सुरुवातीला ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. पुढचे काही महिने फक्त दुसरा वाढवत न्यायचा, म्हणजे शांतता आखडत न्यायची.

एक सावधगिरी मात्र हवी. त्या मोठ्या शांततेत अक्षर मनात पुन्हा वाजवून मोजायचा मोह होतो. तसं होत असेल तर शांतता लगेच कमी करा.

कुठली अक्षरं आधी शिकू? ए, बी, सी अशी क्रमाने?

कॉखची पद्धत घ्या. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ती मांडली. पहिल्या दिवशी दोनच अक्षरं, पण पूर्ण वेगाने. दोन्ही मिळून शंभरातली नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं. पुन्हा नव्वद झाली की चौथं. आज प्रचलित असलेला क्रम के आणि एमपासून सुरू होतो: डा-डि-डा आणि डा-डा. मग यू, आर, ई, एस, एन, ए असा तो पुढे जातो. एलसीडब्ल्यूओ या मोफत वेबसाइटवर याच क्रमाने धडे लावलेले आहेत, आमच्यातले बहुतेक जण तेच वापरतात.

या पद्धतीचं मोल पहिल्या आठवड्यात कळत नाही. दोन अक्षरं येऊन काय होणार, असं वाटतं. पण ती दोन अक्षरं तुम्हाला खऱ्या वेगाने येतात, आणि पुढे आलेलं प्रत्येक अक्षर त्याच वेगात बसतं. नंतर वेग वाढवण्याचं वेगळं युद्ध लढावं लागत नाही.

'आठवायला सोपं जावं म्हणून' शब्द बसवलेले तक्ते मिळतात. ते कसे?

ते टाळा. मध्ये शब्द आला की पुन्हा एक पायरी वाढली.

मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्यांसाठी एक गंमत मात्र सांगते, कारण ती मला स्वतःला फार आवडते. 'यमाताराजभानसलगा' आठवतं ना? लघु-गुरूंच्या तीन-तीन अक्षरांचे आठ गण. मोर्समध्येही तीन आवाजांची बरोबर आठ अक्षरं आहेत आणि ती त्याच आठ गणांवर बसतात. य गण, लघु-गुरु-गुरु, म्हणजे डि-डा-डा, डब्ल्यू. म गण ओ, त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस आणि स गण यू. आपल्या कानाला लघु-गुरूचे आकार ओळखायची सवय शाळेपासून आहे, भुजंगप्रयात म्हणताना आपण य गण मोजत बसत नाही. फरक एवढाच, की वृत्तात गुरु दोन मात्रांचा असतो आणि मोर्सचा डा तीन मात्रांचा. याचं पाठांतर करू नका. आपला कान या कामाला नवखा नाही एवढाच दिलासा त्यातून घ्या.

रोज किती वेळ द्यायचा?

पंधरा-वीस मिनिटं, शक्य असेल तर दिवसातून दोनदा. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी पटीने लागू पडतात. दमलेला कान चुका पक्क्या करतो.

लोकलमध्ये हेडफोन लावून सराव करणारे आमच्यात बरेच आहेत. मुलुंड ते सीएसएमटी हा प्रवास त्याला पुरेसा आहे. गर्दीत लिहिता येत नाही, ही तिथे सोयच ठरते: फक्त ऐकायचं आणि मनात अक्षर म्हणायचं. मात्र फलाटावर आणि रूळ ओलांडणाऱ्या पुलांच्या आसपास हेडफोन काढून ठेवा.

एक अक्षर सुटलं की पुढची चार-पाच जातात. हे थांबवायचं कसं?

हा प्रश्न प्रत्येकाचा आहे आणि वेगाची खरी किल्ली याच्या उत्तरात आहे.

सुटलेलं अक्षर तुमची पुढची अक्षरं नेत नाही. ते आठवायचा प्रयत्न नेतो. 'आत्ता काय होतं ते? बी होतं की सहा?' या एका विचाराला एक-दीड सेकंद लागतो. मिनिटाला १२ शब्द म्हणजे सेकंदाला एक अक्षर. तुम्ही विचारात असताना दोन अक्षरं येऊन गेली. मग त्या दोघांचा विचार, आणि मग पेन टेबलावर.

गेली लोकल गेली, तिच्यामागे फलाटावरून धावायचं नाही, पुढची पकडायची. कागदावर एक आडवी रेघ मारा आणि हात पुढे न्या. ही रेघ मारायचाही सराव लागतो. आमच्याकडे एक व्यायाम करतात: ज्या वेगात तीनातलं एक अक्षर सुटेल इतक्या वेगाचा मजकूर लावायचा आणि न थांबता, न कुरकुरता पाच मिनिटं रेघा मारत लिहायचं. किती अक्षरं बरोबर आली हे तपासायचंच नाही, मध्ये हात थांबला का एवढंच बघायचं. आठवडाभर हे केलं की सुटलेल्या अक्षराची भीती जाते, आणि भीती गेली की अक्षरं सुटणंही कमी होतं.

पुढची पायरी मामांनी शिकवली. त्यांच्या काळात जहाजावरच्या ऑपरेटरला हवामानाचे अहवाल अर्धा-अर्धा तास उतरवून घ्यावे लागत. त्यांचा हात नेहमी कानाच्या मागे असायचा: कान पाचव्या अक्षरावर, पेन तिसऱ्यावर. याला मागून लिहिणं म्हणतात. अक्षर आल्या आल्या लिहायची घाई केली तर प्रत्येक अक्षर ही एक छोटी आणीबाणी होते. एक अक्षर मनात धरून ठेवता आलं की हात शांत होतो, आणि हळूहळू अक्षरांऐवजी शब्दाचा तुकडा धरता येतो. ही सवय मुद्दाम लावायची असेल तर दोन-दोन अक्षरांचे गट वाजवा आणि गट संपल्यावरच लिहा. मग तीन, मग चार.

एस, एच आणि ५ मध्ये फार गोंधळ होतो.

डि-डि-डिट, डि-डि-डि-डिट, डि-डि-डि-डि-डिट. इथे मोजायचा मोह सगळ्यात जास्त होतो. फक्त ही तीन घेऊन, वेग २० च्या खाली न आणता, रोज पाच मिनिटं ऐका. प्रत्येकाची लांबी वेगळी जाणवायला लागते: एस पटकन संपतो, एच थोडा रेंगाळतो, ५ ची सर लांबच लांब असते. बी आणि ६ ची, व्ही आणि ४ ची, जे आणि १ ची जोडीही अशीच सुटते. एल आणि एफ मध्येही अनेक जण अडकतात. डि-डा-डि-डिट, डि-डि-डा-डिट: डा कुठे पडतो ते ऐका, समेसारखा.

दहा शब्दांवर येऊन थांबलो आहे. तीन महिने झाले. मला पुढे जमणार नाही का?

जमेल. हा थांबा इतक्या जणांना लागतो की मानसशास्त्राने त्याची नोंद केलेली आहे. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तारमास्तरांच्या शिकण्याचा अभ्यास करून १८९७ आणि १८९९ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं की पाठवण्याचा वेग सरळ चढत जातो, घेण्याचा मात्र मध्येच सपाट होतो, बराच काळ तसाच राहतो आणि मग पुन्हा चढतो. त्यांनी लावलेला अर्थ असा, की सपाटीच्या काळात अक्षरांची सवय पक्की होत असते, आणि ती पुरेशी मुरली की माणूस शब्द ऐकायला लागतो. नंतर शब्दांच्या जागी वाक्यांचे तुकडे.

तुमच्या सपाटीची दोन कारणं असू शकतात. एक, तुम्ही अजून मोजताय. ओळखायची खूण सोपी आहे: ई, टी, ए, एन झटकन येतात आणि वाय, क्यू, जे, पी ला वेळ लागतो. म्हणजे लांब अक्षरांवर मोजणी चालू आहे. तेवढीच अक्षरं वेगळी काढून २५ च्या वेगाने ऐका. दोन, अक्षरं पक्की आहेत पण तुम्ही अजून सुटीच ऐकताय. मग अक्षरांचे अर्थहीन गट बंद करा आणि शब्द घ्या. इंग्रजीतले सगळ्यात जास्त येणारे शंभर शब्द घेऊन प्रत्येक शब्द एक बोल म्हणून ऐका. दादर स्टेशनची पाटी आपण 'द ला काना', 'द', 'र' अशी वाचत नाही. गाडी पुढे सरकत असते आणि नजरेला दादर दिसतं. कानालाही ते येतं, फक्त कानाला ती पाटी शेकडो वेळा दिसलेली असावी लागते.

आणि सराव नेहमी जरा न झेपणाऱ्या वेगात करा. दहा जमत असेल तर बारा-तेरावर. चौदावर पाच मिनिटं घालवून बारावर परत आलात की बारा सैल वाटतं. हे रोज करून बघण्यासारखं आहे.

लिहायचं, टाइप करायचं की नुसतं डोक्यात घ्यायचं?

परीक्षेसाठी लिहायचं. गप्पांसाठी डोक्यात. टाइप करणं सोयीचं आहे, आणि ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन ३०-४० ची परीक्षा दिली आहे त्यांना ते पटकन जमतं. टेड मॅकेलरॉय या अमेरिकन ऑपरेटरने १९३९ मध्ये मिनिटाला ७५.२ शब्द घेतले होते, ते टाइपरायटरवर. हाताने लिहिणाऱ्याची मर्यादा पंचवीस-तिसाच्या आसपास येते. त्यापुढे पेन मागे पडतं, कान नाही.

लिहिताना छापील मोठ्या अक्षरांपेक्षा जोडून, वळणदार लिहा. हात कमी उचलावा लागतो.

'मिनिटाला इतके शब्द' मोजतात कसं? शब्द तर लहान-मोठे असतात.

'पॅरिस' हा शब्द प्रमाण धरला आहे. त्याच्या पुढची शांतता धरून तो बरोबर ५० मात्रांचा भरतो. तो मिनिटात वीसदा बसला तर वेग २०.

हातात की (मोर्स पाठवायचं दाबायचं बटण) कधी घेऊ?

पंधरा-वीस अक्षरं कानाने पक्की झाल्यावर. आधी घेतली तर स्वतःचे वाकडे-तिकडे आवाज कानात बसतात आणि तेच प्रमाण वाटायला लागतात. तोंडाने म्हणायला मात्र पहिल्या दिवसापासून हरकत नाही. रिक्षात बसल्यावर समोरच्या गाडीची नंबरप्लेट म्हणा: एमएच, डा-डा, डि-डि-डि-डिट. पुढचे आकडे म्हणून होईपर्यंत सिग्नल सुटतो.

साधी की आणि पॅडल (एका बाजूने डि, दुसऱ्या बाजूने डा देणारी की) यांत वाद होतात. साधी की मात्रांची शिस्त हाताला शिकवते, पॅडलला जोडलेलं कीयर हे यंत्र डि आणि डा मापात काढून देतं आणि मनगटाला त्रास कमी. मला पॅडल आवडतं. एक नियम दोन्हीला लागू: ज्या वेगाने घेता येतं त्यापेक्षा जास्त वेगाने पाठवू नका. समोरचा तुमच्याच वेगाने उत्तर देतो.

मुंबईत प्रत्यक्ष हवेतलं मोर्स ऐकायला मिळेल का? माझ्या खोलीत नुसती खरखर येते.

मिळेल, पण आधी खरखरीचा माग काढा. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, वायफायचा अडॅप्टर, लिफ्टची मोटर, इन्व्हर्टर: एकेक बंद करून रिसीव्हरवर फरक ऐका. आमच्या घरात सगळ्यात मोठा गुन्हेगार स्वयंपाकघरातला एक दिवा निघाला. तार खिडकीच्या ग्रिलपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या. गच्चीवर बांधायची असेल तर सोसायटीच्या समितीला रीतसर पत्र द्या, तारेचं चित्र जोडा, कमिटीच्या लोकांना गच्चीवर नेऊन प्रत्यक्ष दाखवा. बारीक तार बघून बहुतेकांची शंका फिटते. पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट लांबूनही बँड (आपण ऐकतो तो रेडिओलहरींचा पट्टा) भरून टाकतो, आणि वीज जवळ असेल तेव्हा अँटेना काढून ठेवणं हाच शहाणपणा.

ऐकायला कुठे जायचं? ७ मेगाहर्ट्झच्या बँडचा खालचा भाग: दिवसा देशातली स्टेशनं, अंधार पडला की दूरची. १४ मेगाहर्ट्झवर दुपारनंतर युरोप येतो. भारतीय स्टेशनांची सांकेतिक नावं व्हीयूने सुरू होतात. 'व्हीयू२' ची चाल एकदा कानात बसली की विसरत नाही: डि-डि-डि-डा, डि-डि-डा, डि-डि-डा-डा-डा.

सरावासाठी माझं आवडतं ठिकाण १४.१०० मेगाहर्ट्झ आहे. जगभरातल्या अठरा बीकनसाठी (ठरावीक संदेश आपोआप पाठवणाऱ्या स्टेशनांसाठी) तिथे दहा-दहा सेकंदांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण. प्रत्येक जण २२ च्या वेगाने आपलं नाव सांगतो आणि मग चार लांब सूर देतो: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटी वॉटचा दहावा भाग. आपल्याला जवळचा म्हणजे श्रीलंकेचा '४एस७बी'. नाव नेहमी तेच असल्यामुळे कानाला बरोबर-चूक लगेच कळतं, आणि चौथा सूर ऐकू आला त्या दिवशी बँड कसा आहे हेही कळतं.

रिसीव्हर नसेल तर इंटरनेटवरून चालणारे रिसीव्हर आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर त्यातला नावाजलेला. सरावाच्या ॲपमधला मोर्स नितळ असतो. हवेतला सिग्नल विरतो, उसळतो, दुसऱ्याच्या खाली जातो, आणि माणसाच्या हाताची वळणं त्यात असतात. महिन्याभरानंतर आठवड्यातून दोनदा तरी खरं ऐका.

परीक्षेत काय विचारतात?

हौशी परवान्याच्या परीक्षा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या अखत्यारीत येतात. मोर्स लागतं ते जनरल श्रेणीला, रिस्ट्रिक्टेड श्रेणी मोर्सशिवाय मिळते. जनरलची पट्टी मिनिटाला ८ शब्दांची, म्हणजे पाच मिनिटांत २०० अक्षरं. नियमावलीत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज भरताना चालू पत्रक वाचून घ्या.

घरी बारा जमेपर्यंत आठच्या परीक्षेला बसू नका, असं मी सगळ्यांना सांगते. परीक्षेच्या खोलीत तळहाताला घाम येतो, पंख्याचा आवाज येतो, आणि चार शब्दांचा वेग तिथेच गळून पडतो. तेवढा हाताशी असलेला बरा. आणखी एक: घरी नेहमी हेडफोनवर ऐकत असाल तर शेवटचे पंधरा दिवस खोलीतल्या स्पीकरवर ऐका, सूर बदलून ऐका. नेहमी ६०० हर्ट्झवर सराव केलेल्याला ८०० चा सूर सुरुवातीला परका वाटतो.

परवाना हातात येईपर्यंत हवेत पाठवायचं नाही. हे वेगळं सांगायला नको, पण उत्साहाच्या भरात मुलं विचारतात.

मराठीत मोर्स पाठवता येतं का?

रोमन अक्षरांत मराठी लिहून पाठवतो आम्ही. 'नमस्कार' फार छान वाजतं. बाकी हवेवरच्या गप्पांना स्वतःची अशी भाषा आहेच: क्यू ने सुरू होणारी सांकेतिक अक्षरं, निरोपाचा '७३'. तीसेक संक्षेप आले की जगातल्या कुठल्याही ऑपरेटरशी प्राथमिक बोलणं होतं, त्याला आपली भाषा येवो न येवो.

वय ६२. कान पूर्वीसारखा नाही. शिकू का?

शिका. वाढत्या वयात आधी उंच सूर कमी ऐकू येतात, मोर्सचा सूर त्याच्या खूप खाली असतो आणि तो आपल्याला हवा तिथे लावता येतो. पाचशेवर लावा. आमच्या दोन आजोबांपैकी एकांनी ६६ व्या वर्षी सुरुवात केली, आज ते आरामात पंधरा घेतात.

पहिल्यांदा हवेवर जायची भीती वाटते. काही कळलंच नाही तर?

मला पहिल्या वेळी समोरच्याचं नावही कळलं नव्हतं, फक्त माझं स्टेशन त्याने घेतलं एवढं कळलं. तेवढ्यावर संपर्क पूर्ण झाला.

पहिल्या गप्पा जवळपास ठरलेल्या असतात: सिग्नल कसा येतो, नाव काय, गाव कोणतं, आभार, ७३. हे कागदावर लिहून समोर ठेवा. वेग जास्त वाटला तर 'क्यूआरएस' पाठवा, म्हणजे 'हळू पाठवा'. क्यू, आर, एस: डा-डा-डि-डा, डि-डा-डिट, डि-डि-डिट. हे पाठवायला लाजू नका. चांगला ऑपरेटर त्या क्षणी वेग उतरवतो, कारण त्यालाही कधीतरी कोणीतरी हळू पाठवलेलं असतं. रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झवर या. आमच्यापैकी कोणी ना कोणी असतं, आणि आम्ही सहाच्या वेगानेही बोलतो.